एका बाजूनं सपाट पेडल

मी वाशिमच्या एका शाळेत शिकवते. चाळिशीनंतर सायकल घेतली आणि दर रविवारी सकाळी अनसिंगच्या रस्त्यानं जाऊ लागले. एकदा चढावर पाय पेडलवरून निसटला आणि नडगी सोलवटली. म्हणून बूट अडकवता येणारं पेडल घ्यायचं ठरवलं. त्याला क्लिपलेस म्हणतात. बुटाच्या तळाला लोखंडी पट्टी असते, ती पेडलमध्ये खटकन बसते. टाच बाहेर वळवली की सुटते.

सुटते, असं सगळेच सांगत. माझा विश्वास बसत नव्हता. नववीत असताना माझी ओढणी सायकलच्या चेनमध्ये गेली होती, आणि कुणीतरी ती कापेपर्यंत मी चाकाशी मान वाकवून भर रस्त्यात उभी होते.

दुकानदारानं परवडतील असे दोन जोड पुढे ठेवले. एक दोन्ही बाजूंनी अडकणारा. दुसरा जरा महाग, एका बाजूनं अडकणारा आणि दुसऱ्या बाजूनं साधा, सपाट. तो म्हणाला, "तुमाले भेव वाटते ना, मंग हा सपाटवाला न्या. गर्दीत पाय मोकळा राहते."

त्यानं भीती ओळखली याचीच मला लाज वाटली. मी स्वस्तातला पहिला जोड उचलला.

आठवडाभर अंगणात भिंतीला धरून सराव केला. दहा वेळा पाय सुटला, तरी अकराव्या वेळी सुटेल का, ही धाकधूक होतीच.

रविवारी परत येताना अचानक एक म्हैस आडवी आली. मी ब्रेक दाबले. मागून ट्रकचा हॉर्न वाजत होता. टाच फक्त वळवायची होती, पण घाबरून मी पाय वर ओढत राहिले. सायकल थांबली आणि मी तिच्यासकट उजवीकडे, रस्त्यावरच कलंडले. करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला. मी डोळे मिटून घेतले.

ट्रक हातभर अंतरावर थांबला होता. माझा पाय मात्र पेडलमध्येच. रस्त्याकडेला मेथीच्या जुड्या घेऊन ऑटोची वाट पाहणारी एक बाई धावत आली.

"उठ ना वं बाई, बसून काहून राह्यली?"

मी पायाकडे बोट दाखवलं. तिला पेडलमधलं काही कळत नव्हतं. तिनं सरळ बुटाचा पट्टा सोडला आणि माझा पाय बाहेर काढला. मला ते सुचलंच नव्हतं. पाण्याची बाटलीही तिनंच माझ्या तोंडाला लावली.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन या वेळी सगळं सांगितलं, भीतीसुद्धा. दुकानदारानं जोड बदलून दिला आणि बूट धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगचा स्क्रू होईल तितका ढिला केला.

आता मोकळ्या रस्त्यावर बूट अडकवते, गाव आलं की सपाट बाजू. गेल्या रविवारी पुन्हा मागून ट्रक आला. दोन्ही पाय मोकळे होते. तरीही मी खाली उतरले आणि तो दिसेनासा होईपर्यंत सायकल धरून कडेला उभी राहिले.