अंगाजवळचा चेंडू

त्या उन्हाळ्यात सर रोज म्हणायचे, "यंदा विभागात आपल्याला कोणी अडवत नाही." आम्हालाही ते खरं वाटायचं. पुरुषोत्तमनगरला कारखान्याच्या वसाहतीमागच्या मैदानावर आम्ही मुली सकाळी सहालाच बेसबॉलच्या सरावाला जमायचो. अकरावीच्या संघातल्या नऊपैकी आठ जणी बारावीतही खेळणार होत्या, आणि मुख्य म्हणजे आमची पिचर होती. तापीकाठच्या गावातून पहिल्या एसटीने यायची. तिचा चेंडू होमप्लेटजवळ येऊन असा खाली बसायचा की समोरचीची बॅट नुसती हवेत फिरायची.

मी कॅचर. मास्क लावून, बॅटवालीच्या मागे, तिच्यासमोर बसायची. "तू शे ना समोर, मंग माले कसानी भीती?" असं ती म्हणायची.

सराव संपला की तिची एसटी येईपर्यंत आम्ही स्टँडवर शेंगा खात बसायचो. कॅचरला प्रत्येकीची बॅटिंग अगदी जवळून दिसते. कोण उंच चेंडूला भुलते, कोणाची बॅट उशिरा येते, सगळं मी तिला सांगितलं. माझंही सांगितलं. आदल्या वर्षी गालावर चेंडू बसला होता, तेव्हापासून चेंडू अंगाजवळ आला की माझे डोळे मिटायचे. हे मी घरीसुद्धा बोलले नव्हते.

कॉलेज उघडलं आणि ती आलीच नाही. फोनवर म्हणाली, "मामाकडे शे. सोमवारले येसू."

सोमवारी सरांनी मला बाजूला घेतलं. "दाखला काढून नेला तिनं. शेजारच्या जिल्ह्यातल्या कॉलेजात गेली. तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं," मी खोटंच सांगितलं.

विभागीय स्पर्धा नवापूरला भरली. उपांत्य सामन्यात समोर तिचाच संघ आला. मला पाहून तिने हात हलवला, मीही हलवला. मग आमच्या मुली एकामागून एक बाद होत गेल्या. उंच चेंडूला भुलणारीला उंच, उशिरा बॅट आणणारीला वेगाचा. आमची कप्तान हेल्मेट काढून बाकावर बसत म्हणाली, "हाई तिले कसं माहीत?"

मी बुटाची नाडी बांधायला वाकले.

शेवटच्या डावात मी बॅट घेऊन गेले, तेव्हा आमच्या दोघी धाव पूर्ण करायला बेसवर थांबल्या होत्या. मला तरी ती तसा चेंडू टाकणार नाही, असं वाटत होतं. पहिलाच अंगाजवळून आला. मी तिच्याकडे पाहिलं, ती आपल्या नव्या कॅचरची खूण बघत होती. दुसराही तिथेच. तिसऱ्याला काही झालं तरी डोळे उघडे ठेवायचे, असं ठरवलं. मिटलेच. मी बाद झाले आणि आम्ही हरलो.

परतताना विसरवाडीला बस चहासाठी थांबली. तिथे मी सगळ्यांना सांगून टाकलं. कप्तानने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "तिन्हा राग नही. तू आम्हना मांगे बोलनी, त्याना राग शे." आणि उठून मागच्या सीटवर जाऊन बसली. तिच्याशी पुन्हा बोलणं सुरू व्हायला दिवाळी उजाडली.

पिचरचा त्याच आठवड्यात मेसेज आला होता, "खेळ शे तो. मनवर लेऊ नको." मी उत्तर दिलं नाही. मागच्या वर्षी तिच्या लग्नाची पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर आली. लग्नाच्या दिवशी मी घरीच होते. का गेली नाहीस असं आईने विचारलं, तेव्हा डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.