चष्म्यावरून बघणारी लोरेटा

लोरेटा गेल्याचं तिच्या मुलीने, इमानीने, फोनवर सांगितलं तेव्हा मी इथे अमेरिकेत, आमच्या शॉमबर्ग गावच्या लायब्ररीत पुस्तकं लावत होते. त्याच लायब्ररीत आम्ही दोघींनी वर्षानुवर्षं शेजारच्या टेबलांवर काम केलं होतं.

लोरेटाला तुम्हीही पाहिलं असेल. एक भुवई उंचावून चष्म्यावरून रोखून बघणारी कृष्णवर्णीय बाई. कुणी थाप मारली की फोनवर पाठवतात ते हलतं चित्र. चर्चच्या स्वयंपाकघरात नवरा म्हणाला, "हिला मॅकरोनी करायला मीच शिकवलं," आणि तिने तसं पाहिलं. इमानीने तो व्हिडिओ नेटवर टाकला. लोकांनी तेवढी नजर कापून घेतली. आवाज आणि नाव मागेच राहिलं. आमच्या नागपूरच्या फॅमिली ग्रुपवरही ती येऊन पोचली. ही माझी मैत्रीण, असं मी लिहिलं, तर धाकट्या वहिनीचं उत्तर आलं, "काहीतरीच काय, ताई! ही खरी बाई आहे होय?"

लोरेटाला सांगितल्यावर ती खो खो हसली. "बेबी, अख्खं नेट आम्हा काळ्या लोकांच्या शब्दांवर, आमच्या नाचांवर, आमच्या चेहऱ्यांवर चालतं. आणि आम्ही मात्र खरे नाही!" त्याच सुमारास कुणीतरी तिच्या घराचा फोटो पत्त्यासकट नेटवर टाकला होता. तेव्हापासून तिच्याकडे दिवसाही पडदे ओढलेले असत.

अंत्यविधीनंतर थोड्याच दिवसांत नवा व्हिडिओ आला. चेहरा तोच, आवाज मशीनने बनवलेला, पण हुबेहूब तिचा... स्वतःच्याच लोकांना शिव्या देणारा. इमानी घाबरून माझ्याकडे आली.

"मिस सुनीता, मूळ व्हिडिओ काढून टाकू? आवाज त्यातूनच चोरलाय. ठेवला तर आणखी चोरतील."

"आणि काढला तर?"

"तर मॉमचा म्हणून फक्त हा खोटाच उरेल."

आम्ही मूळ व्हिडिओ लावला. त्या नजरेनंतर लोरेटा नवऱ्याला म्हणते, "तू? अरे, तुला पाणी उकळायलासुद्धा मी शिकवलं," आणि हसता हसता तिला खोकला येतो. इमानीने तो ठेवला. खाली पहिल्यांदाच आईचं नाव लिहिलं. गावाचं लिहायला मात्र तिची बोटं धजली नाहीत.

योग्यच झालं, असं मी स्वतःला सांगते. पण तो खोटा व्हिडिओ काढावा म्हणून तक्रारी करताना तो खोटा आवाज मला अनेकदा ऐकावा लागला. परवा लोरेटाच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून, ती मला सकाळी कशी हाक मारायची ते आठवू लागले. हाक आली... कोणत्या आवाजात, ते मला खात्रीने सांगता येईना.

आता कामाला लागण्याआधी मी रोज मूळ व्हिडिओ लावते. खोकल्यापर्यंत ऐकते.