कापडाखालचं यंत्र

आमच्या लॅबमधल्या यंत्रावर पिवळं कापड असायचं. मांडवाला लावतात तसलं, जाड, चारी कोपऱ्यांना नाड्या असलेलं, आणि नाड्यांना गाठी. तीन वर्षं मी मेकाट्रॉनिक्सचा, म्हणजे स्वयंचलित यंत्रांचा, डिप्लोमा केला, त्यातल्या कितीतरी संध्याकाळी मी त्या गाठींकडे बघत बसले. अजून आठवलं की डोकं तापतं.

मी तिथे का गेले ते आधी सांगते. महादेवपुराच्या बाजूला एका साबणाच्या कारखान्यात मी पॅकिंग विभागाची सुपरवायझर. वड्या मोजून खोक्यात घालायच्या, खोकं बंद करायचं, लेबल लावायचं, हे सगळं बायका हाताने करायच्या. मग नवी लाइन आणायचं ठरलं. पट्ट्यावरून माल येणार, सेन्सर तो बघणार, हवेच्या दाबाने चालणारा दांडा त्याला योग्य जागी ढकलणार. मॅनेजरनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "नवीन शेड बांधून लाइन यायला तीन वर्षं जातील. पॅकिंगच्या जागा तेव्हा राहणार नाहीत. लाइनवर टेक्निशियन लागतील. डिप्लोमा करून या, आम्ही तुम्हाला लाइनवर उभं करू. चालवून दाखवलीत, तर जागा तुमची."

सरळ बोलणारी माणसं मला परवडतात. मी घरी आले आणि कामांची वाटणी करून फ्रिजवर लावली. भाजी नवऱ्याने आणायची, संध्याकाळचा कुकर मुलीने लावायचा, गॅस आणि लाइटबिल माझ्याकडे. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, या कन्नड मुलखातले. घरात मराठी आहे, पण कन्नडमध्ये चांगली मुरलेली. नवऱ्याने यादी वाचली, "सरी, बरंय, कर," म्हणाला आणि पिशवी घेऊन बाहेर पडला. नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग होते. कारखाना सुटला की तिकडे, तिथून दोन बस बदलून के. आर. पुरमला घरी.

पहिल्या महिन्यात सरांनी यंत्र दाखवलं. सर म्हणजे आमच्या लॅबचे शिक्षक, माझ्याहून पाचसहा वर्षांनी लहान, इस्त्रीचा शर्ट, खिशात लॅबची किल्ली. त्यांनी गाठी सोडल्या, कापडाची घडी घातली आणि हिरवं बटण दाबलं. हातभर लांबीचा पट्टा फिरायला लागला. त्यावर त्यांनी काही चकत्या ठेवल्या, काही लोखंडाच्या, काही प्लास्टिकच्या. लोखंडी चकती आली की बाजूचा दांडा फस्‌ करून बाहेर यायचा आणि तिला ट्रेमध्ये ढकलायचा. प्लास्टिकची सरळ पुढे जायची. आमच्या कारखान्यात येणार होती त्या लाइनचं हे छोटं पिल्लूच होतं. आम्ही टाळ्या वाजवल्या. सरांनी बटण बंद केलं, कापड घातलं, गाठी मारल्या.

मला वाटलं, पुढच्या आठवड्यात आमची पाळी.

पुढच्या आठवड्यात त्यांनी फळ्यावर आकडे लिहिले. पट्ट्याचा वेग, दांड्याला लागलेला वेळ, हवेचा दाब. आम्ही ते जर्नलमध्ये उतरवून घेतले आणि वर लिहिलं, 'प्रयोग केला.' त्यानंतरचा आठवडाही तसाच गेला. यंत्र उघडायचं ते तपासणीला कोणी आलं तर, किंवा वर्षाच्या शेवटी, आणि बटण दाबायचे सरच.

एकदा मी विचारलं, "सर, एकदा मी दाबू का?"

"अम्मा," सर कन्नडमध्ये म्हणाले, "या वयात तुम्हाला शॉक बसला, तर तुमच्या घरच्यांना मी काय उत्तर देऊ?"

वर्ग हसला. मीही तोंड हसरं ठेवलं. बसमध्ये बसल्यावर मला ते उत्तर सुचलं जे तेव्हा द्यायला हवं होतं, आणि तोपर्यंत टिन फॅक्टरीचा स्टॉप मागे गेला होता.

सुरुवातीला वर्गात आम्ही पाच बायका होतो. मुलांना निदान लॅपटॉप धरायला, कॉम्प्रेसर उचलायला तरी बोलवायचे. आमच्याकडे जर्नलं गोळा करायचं काम. दुसऱ्या वर्षात तिघी गळल्या. त्यातली एक जाताना मला म्हणाली, "अक्का, नुसतं बघायचंच असेल तर मी फोनवर बघेन. त्याला दोन तास बसमध्ये कशाला उभी राहू?" तिला काय सांगून थांबवणार? कॉलेजने तिच्या नावापुढे 'वैयक्तिक कारण' लिहिलं. वैयक्तिक! कारण चांगलं टेबलावर बसलं होतं, पिवळं कापड पांघरून.

उरलो दोघी. दुसरी देवनहळ्ळीकडे मोबाइल जोडायच्या कारखान्यात होती, माझ्या मुलीपेक्षा थोडीशीच मोठी. कंपनीच्या युनिफॉर्मवरच यायची, जीभ तिखट.

तिसऱ्या वर्षी आयुधपूजा आली. इथे त्या सणाला स्क्रू-ड्रायव्हरपासून बसपर्यंत सगळ्याला हार पडतो. कॉलेजात सुट्टीच्या आदल्या दिवशी दुपारीच पूजा उरकतात, म्हणून मी अर्धी रजा टाकून गेले. सरांनी कामं वाटली. मुलांनी दाराला केळीचे खुंट बांधायचे. आणि आम्ही दोघींनी?

"अम्मा, तुम्ही आणि ही यंत्र पुसून घ्या. रांगोळी, हार, सगळं तुम्ही बघा. बायकांचा हात लागला की बरं दिसतं."

त्यांनी स्वतः गाठी सोडल्या आणि कोहळा आणायला निघून गेले.

तीन वर्षांत पहिल्यांदा त्या यंत्राला माझा हात लागला, तोही फडक्यासकट. पट्टा बोटाने सरकवून पाहिला. दांडा बाहेर ओढला, तो तेल लावल्यासारखा आला आणि परत गेला. लोखंड ओळखणारा सेन्सर पट्ट्याखाली लपलेला; वस्तू आली हे बघणाऱ्या सेन्सरची गोल काच पट्ट्याच्या कडेला होती, शर्टाच्या बटणाएवढी. तिच्यासमोर वस्तू आली की यंत्राला कळतं, आणि सेन्सरच्या पाठीवरचा बारका दिवा लागतो. हे मला पाठ होतं. चित्र काढून तीनदा मार्क मिळवले होते.

"बघा अक्का," ती फडकं पिळत म्हणाली, "चालवायला नाही दिलं, पण अंघोळ घालायला दिलं."

सर आले. वाटीतलं गंध बोटावर घेऊन त्यांनी मोटरला लावलं, पॅनेलला लावलं, दांड्याला लावलं, वर कुंकू टेकवलं. मग बोट सेन्सरच्या काचेकडे गेलं.

"सर, तिथे नको. त्याला त्यातून दिसतं."

"पूजा तरी मला शिकवू नका अम्मा," ते म्हणाले आणि काचेवर मधोमध एक ठसठशीत टिळा लावला.

आरती झाली. कापूर फिरला. अंगणात कोहळा फोडला, चुरमुऱ्यांची पाकिटं वाटली. सर कापडाकडे वळले तेव्हा मी म्हटलं, "सर, आता एकदा चालू करू या."

"आज? आज आयुधं विश्रांती घेतात."

"आमच्या कारखान्यात आरती झाली की प्रत्येक मशिन एकदा फिरवतात."

"तो कारखाना. हे कॉलेज आहे."

"आणि एरवी वर्षभर? तेव्हा कसली विश्रांती घेतं हे?"

कोणी चुरमुरे खाणं थांबवलं, ते मला ऐकू आलं. मागून गॅरेजमध्ये काम करणारा एक मुलगा म्हणाला, "सर, अक्का बरोबर बोलतायत. आम्हीपण पूजा झाली की गाडी लिंबावरून काढतो."

सर त्याच्याकडे बघत होते तेवढ्यात मी हिरवं बटण दाबलं. विचारलं नाही. तीन वर्षं विचारून झालं होतं.

पट्टा फिरला. मी लोखंडी चकती ठेवली. ती पुढे गेली, दांड्यासमोरून गेली, आणि शेवटी टण्ण करून फरशीवर पडली. दुसरी ठेवली. तीही टण्ण. दांडा हललाच नाही.

"बिघडवलंत!" सरांचा आवाज चिरकला. "मी म्हणत होतो ना? आता वर लेखी कळवतो. प्रॅक्टिकलला बसू देणार नाही तुम्हाला."

प्रॅक्टिकल नाही तर डिप्लोमा नाही, डिप्लोमा नाही तर लाइन नाही, आणि पॅकिंगची जागा तर जाणारच होती. तीन वर्षांचे कुकर, भाज्या, दोन-दोन बस एका बटणावर गेल्या असं वाटलं. मग रागाने भीतीवर पाय दिला. बिघडलं असेल तर का बिघडलं हे तरी मी बघणार होते.

"अक्का, पाठीचा दिवा बघा," ती म्हणाली.

दिवा लागलेला होता. पट्ट्यावर काही नव्हतं, तरी लागलेला. काचेवरचं गंध त्याला सतत समोर दिसत होतं, मग नवी चकती आल्याचं त्याला कळणार कसं? मी बटण बंद केलं, ओढणीचं टोक ओलं करून टिळा पुसला. दिवा विझला. समोर बोट धरलं, लागला. काढलं, विझला. सर बघत होते.

पुन्हा सुरू केलं. या वेळी दांडा आला, पण उशिरा. चकती निघून गेल्यावर रिकाम्या हवेला ढकलून परत गेला. पुसताना आमच्याच फडक्याने वेग कमीजास्त करायची चकरी फिरली होती, पट्टा जोरात पळत होता.

"सर, वेग आधी किती होता?"

सरांनी खिशातली किल्ली चाचपली.

"बरं, दांड्याची वेळ बदलू. ती लॅपटॉपवर कुठे बदलतात?"

सर लॅपटॉपकडे असे बघत होते की जणू तो आत्ताच कोणी आणून ठेवलाय. मग हळू म्हणाले, "यंत्र बसवायला आले होते त्यांनी एकदा दाखवलं होतं. मी हिरवं बटण दाबतो, तेवढंच. काही हललं तर मला परत कोण लावून देणार?"

कोणाला इथे दया येईल. मला आली नाही. माझ्यापुढे त्या तिघी उभ्या राहिल्या, त्यातली ती बसमध्ये उभी राहणारी. "मग आमच्याबरोबर बसून शिकायचं होतं ना सर! पंचवीस जण होतो आम्ही. बिघडलं असतं, सगळ्यांनी मिळून लावलं असतं. तुम्हाला येत नव्हतं म्हणून आम्हालाही येऊ द्यायचं नाही?"

ते खाली बघून म्हणाले, "हळू बोला अम्मा, स्वल्प हळू." पण गाठी मारायला पुढे आले नाहीत.

मग आम्ही बसलो. वेळेचा आकडा कुठे आहे ते शोधण्यात बराच वेळ गेला. सापडल्यावर कमी केला, तर दांडा इतका लवकर आला की पुढची प्लास्टिकची चकती उडून कपाटाखाली गेली. गॅरेजवाला मुलगा आडवा झाला आणि धुळीने माखलेला हात घेऊन बाहेर आला. "सर, कपाटाची पूजा राहिली," म्हणाला. सर हसले. आम्ही वाढवला, पुन्हा कमी केला, वेग उतरवला. पाळीपाळीने सगळे बसले, मुलं, ती, मी. शेवटी सरही स्टूल ओढून बसले आणि एक आकडा बदलून, बटण दाबून, श्वास धरून बघत राहिले. चकती ट्रेमध्ये पडली. पुढचीही पडली. चुरमुरे केव्हाच संपले होते.

निघताना त्यांनी सवयीने कापड उचललं. तिने ते त्यांच्या हातातून काढून घेतलं, हाराचे दोरे कापायची कात्री घेतली आणि टेबलावर ठेवून त्याचे चौकोन कापायला लागली. "काच पुसायला लागतील सर," म्हणाली. मी दुसऱ्या बाजूने ताणून धरलं. कापड खरंच जाड होतं, कात्री अडत होती. सरांनी आम्हाला थांबवलं नाही. तक्रारही वर गेली नाही.

सुट्टीनंतर मी वेळेच्या आधी लॅबमध्ये पोहोचले. यंत्रावर निळं कव्हर होतं, नवं, शिवून घेतलेलं, चेन असलेलं. चेनला बारकं कुलूप.

"वरून विचारलं, उघडं का आहे म्हणून," सर म्हणाले. माझ्याकडे न बघता फळ्यावर आकडे लिहायला लागले. वेग, वेळ, दाब. तेच आकडे. मी त्यांना दोनदा जाऊन भेटले, एकदा वरही गेले. वर मला सांगितलं की महागड्या साधनांची काळजी घेणं ही कॉलेजची शिस्त आहे. प्रॅक्टिकलला सरांनी बटण दाबलं, आम्ही बघितलं, आम्हाला चांगले मार्क मिळाले.

घरी मी ताट आपटलं तेव्हा नवरा म्हणाला, "डिप्लोमा मिळाला ना? मग आता कोणावर चिडतेस?"

"सगळ्यांवर," मी म्हटलं. त्याने ताट उचलून धुवायला ठेवलं.

नव्या शेडमध्ये लाइन बसली. ठरल्याप्रमाणे मॅनेजरनी मला तिच्यासमोर उभं केलं, स्वतः हाताची घडी घालून मागे थांबले. मी सुरू केली. पहिली खोकी नीट गेली. मग त्यांनी मोठ्या मापाची खोकी लावायला सांगितली आणि दांडा खोक्याच्या मागच्या कोपऱ्यावर बसला. खोकं तिरकं होऊन अडकलं, मागची खोकी त्यावर चढायला लागली. मी लाइन थांबवली. अडकलेलं काढलं. सेन्सरची काच पुसली, दिवा बघितला, वेळ बदलली, सुरू केली. अजून थोडी चुकत होती. पुन्हा बदलली. खोकी एकामागे एक बाजूच्या रुळांवर जायला लागली.

मॅनेजर खूश झाले. "जागा तुमची," म्हणाले, आणि मग कौतुकाने, "तुमच्या कॉलेजात चांगलं शिकवतात की!"

"एक दुपार, साहेब," मी म्हटलं आणि पुढचं खोकं पट्ट्यावर ठेवलं.