सत्यशीलाबाईंचं मॉस्कोचं आख्यान

चाळीस वर्षं मी फिरत्या नाटक कंपन्यांतून राजे केले. मुकुट पुठ्ठ्याचे, तलवारी लाकडाच्या, पण रुबाब अस्सल! माझ्या शेजारच्या सिंहासनावर कितीतरी राण्या बसून गेल्या. त्या सगळ्यांची क्षमा मागून सांगतो, खरी राणी मी पाहिली ती म्हातारपणी, राहात्याजवळच्या आमच्या गावात, चर्चपुढच्या मांडवात. ती शिलाईच्या मशीनवरून उठून आली होती.

सत्यशीलाबाईंचे वडील ख्रिस्ती कीर्तनकार. फेटा, उपरणं, हातात चिपळ्या, आणि आख्यान बायबलातल्या रूथचं नाहीतर एस्तेरचं. आठ-नऊ वर्षांची सत्यशीला त्यांच्यामागे उभी राहून झांज वाजवायची. एकदा भर कीर्तनात वडिलांचा घसा बसला. पोरीनं चाल उचलली ती शेवटपर्यंत खाली ठेवली नाही. त्या दिवशी वडिलांनी तिला दोन गोष्टी शिकवल्या. लोकांकडे पाठ कधी करायची नाही. आणि कपडा असा घालायचा, की शेवटच्या ओळीतल्या म्हातारीलाही कीर्तनकार दिसला पाहिजे.

दुसरी गोष्ट तिनं जन्मभर पाळली. लग्न झालं शमुवेलशी. तो टेम्पोतून पेरू बाजाराला न्यायचा. ती घरी मशीन चालवायची. आसपासच्या गावांत चर्चच्या पाळकांचे झगे तिचे, नवरीमुलींची पांढरी पोलकी तिची. पण स्वतः कीर्तनाला उभी राहायची ती डाळिंबी, मोरपंखी, हळदीसारख्या पिवळ्या साडीत. पेटीवर मुलगा एडविन, तबल्यावर शेजारच्या भजनी मंडळातला आदिनाथ, आणि पहिल्या ओळीत शमुवेल, बायकोच्या प्रत्येक तानेला दोन्ही हात वर करणारा.

दीड वर्षापूर्वी शमुवेल झोपेतच गेला. मातीला सगळं गाव होतं. बाईंनी गीत स्वतः म्हटलं, आवाज हलू न देता. डोळ्यांतून टिपूस आलं नाही. तीन महिन्यांनी त्या कीर्तनाला उभ्या राहिल्या, मोरपंखी साडीत.

मग काय! "नवरा गेल्याचं काहीच न्हाई हिला." "रडली तरी का?" एडविन साखर कारखान्यात फिटर. तिथं एकानं जेवणाच्या सुट्टीत विचारलं, "काय एडविन, आईचं कुठं जमवलं का न्हाई?" सगळे हसले. एडविन डबा तसाच झाकून घरी आला.

याच सुमाराला बाई माझ्याकडे आल्या. "नाना, रूथ आन् एस्तेर आता लोकांला पाठ झाल्या. कापणीच्या सणाला नवं आख्यान पायजे."

माझ्याकडे मॉस्कोच्या राणीची कथा होती. सहाशे वर्षांपूर्वीची, येवदोकिया नावाची. तेरा-चौदाव्या वर्षी लग्न, दहा-बारा लेकरं, नवरा तातारांशी लढणारा शूर राजा. तो ऐन उमेदीत गेला. राणी दरबारात पूर्वीसारखीच उंची, झळझळीत वस्त्रांत येत राहिली. लोक नाही नाही ते बोलू लागले. पोटच्या मुलांनाही ते खरं वाटू लागलं. तेव्हा तिनं मुलांना बोलावून झगा उघडला, असं सांगतात. आत उपासांनी वाळलेलं शरीर आणि अंगावर लोखंडी साखळ्या.

बाईंनी राणीचं नाव दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "हेच करते."

मी खूष! "शेवटी पदर असा झटकायचा," मी उठून करून दाखवलं, "आणि आत साखळी! मांडवात टाचणी पडली तर ऐकू येईल." विहिरीची जुनी साखळी घासूनपुसून मी त्यांना दिलीसुद्धा.

"बघू," त्या म्हणाल्या.

सणाच्या आठ दिवस आधी चर्चच्या पंच कमिटीचे सेक्रेटरी काकासाहेब त्यांच्या ओसरीवर आले. मी तिथंच चहा घेत होतो. काकासाहेब माणूस वाईट नाही, पण निरोप द्यायला आला की घसा फार खाकरतो.

"बाई, कमिटीचं म्हणणं असं, की यंदा आपण जरा पांढरं नेसावं."

"पांढरं?" बाईंनी मशीन थांबवलं. "काकासाहेब, तुमच्या सुनेला लग्नात काय नेसवलं हुतं?"

"पांढरंच की. आपल्यात नवरी पांढऱ्यातच..."

"मीच शिवलं हुतं पोलकं. मी पन लग्नात पांढरंच नेसले. आता पुन्यांदा नेसवताय, तर नवरा बघूनच ठेवलाय का कमिटीनं?"

मी चहा सांडला. काकासाहेबही हसले, कान लाल करून. हसला नाही तो दारात उभा असलेला एडविन.

ते गेल्यावर तो म्हणाला, "आई, तुला सगळी चेष्टा वाटती. ऐकून घ्यावं लागतं ते मला."

"तुला काय वाटतं ते सांग. लोकांचं राहू दे."

"मला वाटतं, साधी साडी नेस. न्हाईतर पूर्वरंगापुरती पेटी वाजवीन. मध्यंतराला उठंन."

बाईंनी मशीनचं चाक फिरवलं. "पूर्वरंग तर वाजव," एवढंच म्हणाल्या.

सर्कशीत झुल्यावरची बाई हात सोडते आणि पुढचा हात अजून हातात आलेला नसतो, तसे ते आठ दिवस मला गेले. पेटीवाल्याचं काय, दुसरा मिळाला असता. पण भर मांडवातून पोटचा मुलगा उठून गेला असता, तर गाव जे कुजबुजत होतं ते त्यानं मोठ्यानं वाचून दाखवल्यासारखं झालं असतं. त्यानंतर बाई पुन्हा उभ्या राहिल्या नसत्या. हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यालाही.

सणाच्या दुपारी मांडव भरला. पुढे गव्हाच्या लोंब्या, ऊस, भोपळे, कोणीतरी आणलेला कोंबडा. बाई आल्या डाळिंबी साडीत, जरीकाठाच्या. बायकांच्या बाजूला सळसळ झाली. बाईंनी चिपळ्या उचलल्या आणि असा सूर लावला, की सळसळ जिथल्या तिथं बसली.

पूर्वरंग रंगला. मध्यंतराला काकासाहेबांनी बाईंना हार घातला. एडविननं पेटीचा भाता बंद केला. खटका मला ऐकू आला, कारण मी मांडवाच्या कडेला, त्याच्या बाजूलाच बसलो होतो.

"भाता मिटला तर मिटू दे," बाई हळूच म्हणाल्या. "तू बस. ऐकून मग ऊठ."

तो बसला, हाताची घडी घालून.

नुसत्या तबल्यावर आख्यान सुरू झालं. काय सांगू! भर उन्हाळ्यात मांडवात मॉस्कोचा बर्फ पडला. राजा घोड्यावर चढला तेव्हा पोरं मागं सरकली. राजा गेला तेव्हा म्हाताऱ्या रडल्या. लोकांची तोंडं सुटली, तेव्हा मात्र बाईंनी गावातल्याच चार जणींचे आवाज असे काढले, की मांडव हसावं की नाही या पेचात पडला.

आणि राणीनं मुलांना बोलावलं. मी मान पुढे काढून बसलो. आता पदर झटकणार, आता साखळी!

बाईंनी लोकांकडे पाठ केली.

माझ्या तोंडून "अहो!" निघून गेलं. वडिलांचा पहिला धडा, आणि तो नेमका कळसाला मोडला? पाठमोरी ती डाळिंबी साडी, आदिनाथची मान तबल्यावर वाकलेली, आणि समोर पेटीमागं फक्त एडविन.

"पोरांनो," राणी म्हणाली, "बघून घ्या."

पदर जागचा हलला नाही. मी कडेला होतो म्हणून मला दिसलं. बाईंचे खांदे थरथरत होते, गालांवरून धारा हनुवटीवर येऊन हारावर पडत होत्या, आणि पुसायला त्यांनी हात उचलला नाही. शमुवेल गेल्यापासूनचं सगळं तिथं होतं. आवाज मात्र तसाच, शेवटच्या ओळीपर्यंत जाणारा.

"हे मी तुमाला दाखवलं, कारन तुमी माझे. बाहेर कुनाला सांगायचं न्हाई. माझ्यासाठी कुनाशी भांडायचं न्हाई. लोक बोलतील. आईला आईचं काम करू द्या."

एडविनच्या हाताची घडी सुटली. त्यानं भाता उघडला. पहिला सूर वेडावाकडाच आला. दुसरा मात्र बरोबर बाईंच्या स्वराखाली येऊन उभा राहिला. बाईंनी पदरानं तोंड पुसलं, गर्रकन लोकांकडे वळल्या आणि शेवटचं पद असं उचललं, की आदिनाथची थाप दुप्पट झाली.

प्रसाद वाटताना काकासाहेबांना राहवेना. ते एडविनजवळ गेले. "अरे, राणीनं काय दाखवलं? आमाला सगळ्यांना नुसती पाठच दिसली."

एडविन पेटीवर कापड घालत होता. त्यानं मान वर केली नाही.

"सांगू नको म्हनली हाय," तो म्हणाला, आणि आईच्या चिपळ्या पिशवीत ठेवायला घेतल्या.