भोपाळहून लावलेला सूर

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. भाकरेकाकांच्या दुकानात एक खण होता. दुरुस्ती झाली की उरलेला एखादा स्क्रू ते त्यात टाकायचे. रेडिओ त्या स्क्रूविना चालायचा, खण मात्र भरत जायचा. आमचं तसंच झालं. चार-पाच वर्षं दर रविवारी त्या दुकानात बसलो, आणि आता कुणी भेटलं की मी सांगत सुटते. दुकानाच्या जागी आता मोबाईलची कव्हरं विकतात. तिथून जाताना मी स्कूटी हळू करते, आणि त्या रविवारांची फार आठवण येते.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. बूढापाऱ्यातलं काकांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान रविवारी अर्ध्या शटरवर असायचं. आत आम्ही चौघं. काका, शाळेत फिजिक्स शिकवणारी मी, सिलतऱ्याच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन असलेला आणि लग्नांमध्ये कीबोर्ड वाजवणारा प्रशांत, आणि रेल्वेच्या टेलिफोन खात्यातला विलास. प्रशांतला स्वतःच्या हातानं, तुकड्यातुकड्यानं सिंथेसायझर बनवायचा होता. सायबर कॅफेतून तो सर्किटांची पानं छापून आणायचा. पहिला तुकडा ऑसिलेटर, म्हणजे सूर काढणारं सर्किट. ते ब्रेडबोर्डवर मांडायचं. ब्रेडबोर्ड म्हणजे भोकाभोकांची प्लास्टिकची पाटी. सोल्डरिंग नाही, वायर खोचायची आणि चुकली की उपटायची. आमचं उपटणंच जास्त.

*

पहिल्या ऑसिलेटरनं सूर काढलाच नाही. स्पीकरमधून सेकंदाला एकदा टक् असा आवाज यायचा. आम्ही चौघं वाकून ऐकत होतो. टक्. टक्.

"हे तं घड्याळ झालं," काका म्हणाले. "काटे लावा अन् टांगा भिंतीवर."

प्रशांत घरी आईचं मराठी ऐकतो आणि हिंदीत उत्तर देतो, आमच्याशीही तसंच. तो म्हणाला, "दीदी, कैपेसिटर कौन सा लगाया?"

बारावीच्या पोरांना कॅपॅसिटर मीच शिकवायची. पाहते तर हजारपट मोठा लावला होता. कॅपॅसिटर जितका मोठा तितका भरायला वेळ, आणि तितका सूर खाली. हे वाक्य मी त्याच आठवड्यात फळ्यावर लिहिलं होतं.

"राहू द्या ताई," विलास म्हणाला. "सूर आहे तो. फक्त लई हळू आहे."

*

सूर निघायला लागल्यावर प्रशांतला दम धरवेना. गुढियारीतल्या एका लग्नात तो ब्रेडबोर्ड जेवणाच्या डब्यात घालून घेऊन गेला. रस्ता कसला होता हे त्या डब्यानं सांगितलं. उघडला तेव्हा निम्म्या वायरी भोकांतून निघून तळाशी पडल्या होत्या. अर्ध्या तासात त्यानं सगळं पुन्हा खोचलं आणि वरात दारात येताच सूर लावला.

आवाज आला आणि लगेच गेला. त्यानं वाढवला, पुन्हा गेला. असं पंधरा मिनिटं चाललं. शेवटी मागे वळून पाहिलं तर साउंडवाला घामाघूम होऊन एक एक माइक बंद करत होता. त्याच्या मते कुठला तरी माइक शिट्टी मारत होता.

"भैया, वो मैं बजा रहा था," प्रशांत म्हणाला.

"जानबूझ के?" साउंडवाल्यानं विचारलं.

*

आता विलासचं सांगते. आमचं राज्य मध्यप्रदेशातून वेगळं झालं तशी सरकारी कर्मचाऱ्यांचीही वाटणी झाली. विलासची बायको सुनंदा सरकारी ऑफिसात स्टेनो. ती मध्यप्रदेशच्या वाट्याला गेली आणि तिला भोपाळला जावं लागलं. विलास रेल्वेचा, तो इथेच राहिला. रायपूरला बदली मिळावी म्हणून तिचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता. सुनंदा शास्त्रीय गाणं शिकलेली. जाताना तंबोरा बरोबर गेला आणि घरात विलास एकटा उरला.

त्याला सिंथेसायझरशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला तीन ऑसिलेटर हवे होते. एक खालच्या 'सा'वर, एक 'प'वर, एक वरच्या 'सा'वर. घरात पुन्हा तंबोऱ्यासारखं काही वाजत राहावं एवढंच. पण विलासला सुरातलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून रविवारी अकराला सुनंदा भोपाळहून दुकानात फोन करायची आणि तिथून सूर लावून द्यायची.

पहिल्या रविवारी विलासनं अख्खा रिसीव्हर स्पीकरला चिकटवला आणि आपल्या अंदाजानं नॉब फिरवत बसला. पाच मिनिटांनी कानाला लावला तर तिकडून आवाज आला, "मी कव्हाची ओरडून राहिली, वर घ्या, वर घ्या!"

मग माझी नेमणूक झाली. रिसीव्हरची बोलायची बाजू स्पीकरकडे, ऐकायची माझ्या कानाला. ती सांगायची, मी मोठ्यानं म्हणायची, विलास नॉब फिरवायचा.

"थोडा वर. अजून. बस," सुनंदा म्हणाली. "अन् ह्यायले सांगा ताई, रविवारी तरी दाढी करत जा."

मी सांगितलं. विलासचा हात हनुवटीवर गेला. "तिले कसं दिसलं?"

*

दिवाळीच्या आधी काकूंनी दुकान आवरलं. रविवारी साडेदहाला आम्ही पोचलो तर ब्रेडबोर्ड धुतल्यासारखा स्वच्छ, आणि शेजारी तीन डब्या. एकीत लाल वायरी, एकीत पिवळ्या, एकीत बाकी सगळं.

"एवढं गुंतलं होतं," काकू म्हणाल्या. "काल दुपारभर बसून सोडवलं."

काकांनी डोक्याला हात लावला. विलास मात्र म्हणाला, "छान केलं काकू," आणि खाली बसून खोचायला लागला. अकराला फोन वाजला तेव्हा तिनातला एकच सूर उभा राहिला होता.

"आज एकच?" सुनंदानं विचारलं.

"आज एकावर भागव," मी म्हटलं. "बाकी दोघं सफाईला गेलेत."

*

त्या प्रकरणानंतर काकाच म्हणाले, "विलास, मी सोल्डर करून देतो. पक्कं होऊन जाईन. मग कोनी हात नाही लावत."

"राहू द्या काका. ती आली का पक्कं करू."

"काहून? सर्किटचा अन् तिच्या येण्याचा काय संबंध?"

"हव, काही नाही," विलास म्हणाला. "पन राहू द्या."

काकांनी तापायला ठेवलेल्या सोल्डरिंग आयर्नचा प्लग काढला आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

*

एक किस्सा मी विलासला अजून सांगितलेला नाही.

मे महिना होता. उन्हाळ्यात सूर जागेवर राहत नाहीत. चिप तापली की ते सरकतात, म्हणून त्या दिवशी लावणं लांबलं. बराच वेळ वर-खाली झाल्यावर सुनंदा गप्प झाली. मला वाटलं लाइन गेली. मग हळू आवाजात म्हणाली, "ताई, मले इथं करमत नाही. ह्यायले सांगा, तो अर्ज गेला खड्ड्यात. मी नोकरी सोडून येऊन जाते."

विलास माझ्या तोंडाकडे पाहत होता. बोटं नॉबवर. तिची बारा वर्षांची नोकरी, दोघांनी कशीबशी धरून ठेवलेली. एका वाक्यानं सुटली असती.

"काय म्हनते?" त्यानं विचारलं. "वर का खाली?"

"थोडा वर," मी म्हटलं.

त्यानं थोडा वर घेतला. तिकडे तिनं ऐकला.

"बिघडला ताई," ती म्हणाली. "जाऊ द्या. नका सांगू."

मी बरोबर केलं की चूक, मला आजही ठरवता येत नाही.

*

बदलीची ऑर्डर आली, पण तीन वर्षं घेऊन. सुनंदा सामानासकट परत आली. पहिल्याच रविवारी मी दोघांना सकाळी घरी जेवायला बोलावलं. एका पंगतीला बसलो. दोघं एकमेकांशी पाहुण्यासारखं बोलत होती. तिनं विचारलं, "वरन घेता का थोडं?" तो म्हणाला, "नको, घ्या तुम्ही." बायकोला.

जेवून तिघं दुकानात गेलो. काका आणि प्रशांत वाट पाहत होते. विलासनं स्विच लावला. इतकी वर्षं लावलेले सूर सुनंदा पहिल्यांदा समोर बसून ऐकत होती.

तिचा चेहरा उतरला. "हे असं वाजते?"

"असंच वाजते," विलास म्हणाला.

"फोनवर तं बारीक होतं. गोड होतं."

फोनची लाइन जाडा आवाज गाळून टाकते, हे मी तिला सांगू शकले असते. पण ते तिनं विचारलंच नव्हतं. तिनं स्वतः नॉब थोडा इकडे फिरवला, थोडा तिकडे. मग हात काढून घेतला, विलासकडे पाहिलं, "येते मी," म्हणाली आणि शटरखालून वाकून बाहेर गेली.

विलास होता तसा बसून राहिला.

दोन-तीन मिनिटांनी फोन वाजला. सवयीनं मी हात पुढे केला, पण रिसीव्हर विलासनं आधीच उचलला होता. शटरखालून समोरचं पीसीओचं फोन-बूथ दिसत होतं. काचेच्या आत सुनंदा, आमच्याकडे पाठ करून. विलासनंही बाहेर न बघता भिंतीकडे तोंड केलं. नॉबला त्यानं हात लावला नाही. प्रशांतनं हळूच ब्रेडबोर्डची बॅटरी काढली.

"हं," विलास म्हणाला. "जेवन झालं का तुझं?"