समुद्राच्या कुत्र्याचा मुलगा

नव्या माणसाचा हात हातात घेतला की तो लगेच सोडायचा नाही. आधी विचारायचा, "आडनाव काय? आणि अर्थ काय त्याचा?"

जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या ऑफिसात पहिल्याच दिवशी त्यानं मलाही हे विचारलं आणि मी आक्रसलो. आपल्याकडे आडनाव कशासाठी विचारतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. "कांबळे," मी म्हणालो. "कांबळं म्हणजे घोंगडी."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" तो खूश झाला. "इथल्या थंडीत याहून चांगलं आडनाव नाही."

पुढे काहीच विचारलं नाही. तेव्हापासून आमचं जमलं.

त्याचं आडनाव मॅकनमारा. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं. मूळ आयरिशमध्ये अर्थ, समुद्राच्या शिकारी कुत्र्याचा मुलगा. "भारदस्त आहे," मी म्हटलं. तो हसला नाही. "कुत्रा आहे, मालक हाक मारतोच कधीतरी."

त्याचे आजोबा मासेमारीला गेले ते परतले नाहीत. नंतर वडील. म्हणून हा समुद्रापासून इतक्या लांब येऊन गाड्यांचे ब्रेक तपासत होता. जेवणानंतर आम्ही डॅन्यूबच्या काठानं फिरायचो, तेव्हाही पाण्याच्या बाजूनं मला चालायला लावायचा. "घोंगडी भिजली तरी वाळते," म्हणायचा.

धाकट्या भावानं मात्र होडी सोडली नव्हती. त्याला हा रोज फोन करायचा. पहिला प्रश्न एकच, "आज वारा कसा आहे?"

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर कँटीनमध्ये जेवत असताना त्याच्या आईचा फोन आला. होडी किनाऱ्याला लागली होती. रिकामी. मीच त्याला म्युनिकच्या विमानतळावर सोडलं. वाटेत एकच वाक्य बोलला, "आता तिला मीच उरलो."

भाऊ सापडला नाही. याने नोकरी सोडली, होडी दुरुस्त केली. मी फोनवर विचारलं, "विकणार आहेस ना?"

"नाही. त्याला शोधायला जातो तिच्यातून."

"भीती नाही वाटत?"

फोनमधून वारा ऐकू येत होता. "वाटते रे. पण आई दिवसभर खिडकीत बसून असते. तिच्यासमोर घरात कसा बसू?"

हल्ली त्याच्या फोनवर म्हातारीच बोलते. तिचे उच्चार मला धड कळत नाहीत. 'बाहेर गेलाय' एवढं समजायचं, मी ठेवून द्यायचो.

काल मात्र मी काही बोलायच्या आत तिनंच विचारलं, "तिकडे आलाय का तो?"