पुठ्ठ्याचं ग्राफिक्स कार्ड

सत्तावीस वर्षं बॅगांचे साचे कापणाऱ्या या बाईंना कारखान्यात सगळे मावशी म्हणतात. कातड्याला हात लावण्याआधी त्या प्रत्येक बॅग पुठ्ठ्यात करून बघतात. कातडं एकदा कापलं की कापलं. पुठ्ठा माफ करतो.

यंदा मालकांनी त्यांना बोलावून सांगितलं, "मावशी, गिऱ्हाईक आता नमुना मागत नाही, स्क्रीनवर फिरणारी बॅग मागतं. पुढच्या एक तारखेपासून थ्रीडी येईल त्यालाच साच्यांचं काम. तुम्ही पॅकिंगला बसा, सावलीत."

"सावलीत तुम्ही बसा," मावशी म्हणाल्या. "मला तोवर वेळ द्या."

सॉफ्टवेअर त्या व्हिडिओ बघून शिकल्या. पण धाकट्या भावाने दिलेल्या जुन्या, चपट्या डब्याच्या कॉम्प्युटरवर बॅग पाव गिरकी घेऊन थिजायची.

"ताई, ऑफिसने भंगारात काढलेलं ते," भाऊ म्हणाला. "ग्राफिक्स कार्ड घातलंस तर कदाचित उठून बसेल."

कॉम्प्युटरच्या दुकानदाराने दोन पंख्यांचं दांडगं कार्ड पुढे सरकवलं. "हे न्या काकू, डोळे मिटून."

"डोळे मिटून मी दोरासुद्धा घेत नाही. लांबी, रुंदी, जाडी सांगा."

तो हसला, पण खोक्यावरचे आकडे वाचून दाखवले. मावशींनी घरी येऊन तेवढंच कार्ड पुठ्ठ्याचं केलं. जाडीसाठी थर चिकटवले. कॉम्प्युटरच्या डब्यात घालून पाहिलं, तर ते हार्ड डिस्कला अडलं, आणि झाकण दोन बोटं वरच राहिलं.

दुसऱ्या दिवशी तो पुठ्ठा दुकानदाराच्या काउंटरवर होता. "हे तुमचं कार्ड. माझ्या डब्यात मावत नाही. आणि याला विजेची वेगळी वायर लागते, ती त्यात नाहीच."

"मग कॉम्प्युटरच नवा घ्या की. अंथरूण पाहून पाय पसरावेत, काकू."

"तेच करतेय. तुम्ही पलंग विकताय."

बुटकं, आणि मदरबोर्डच्या खाचेतून मिळेल तेवढ्याच विजेवर चालणारं कार्ड त्यांना हवं होतं. दुकानदाराने खणातून एक वापरलेलं काढलं. "यावर गेम चालणार नाहीत."

"मला बॅग चालवायचीय."

"आणि मागची पत्र्याची पट्टी उंच डब्याची आहे. बुटकी हरवलीय. पट्टीशिवाय कार्ड हलत राहील."

"पट्टीचं मी बघते."

त्यांनी पट्टीचा साचा काढला आणि बिस्किटांच्या एका डब्याच्या झाकणातून पत्रा कापला. स्क्रूचं भोक भलत्याच बाजूला आलं: साचा उलटा ठेवला होता. नवशिक्या पोरींना ज्या चुकीबद्दल त्या फाडून खायच्या, तीच. कोणी पाहिलं नव्हतं, तरी त्यांनी स्वतःला दोन शब्द सुनावले आणि दुसरी पट्टी कापली. ती बसली. बॅग न थांबता फिरली.

तीस तारखेला मावशींनी कॉम्प्युटर कारखान्यात नेला आणि मालकांच्याच स्क्रीनला जोडला. मालकांनी बॅग उलटसुलट फिरवली, कप्पा उघडून पाहिला.

"कोणाकडून करून घेतली?"

"बसा समोर. म्हणाल ती बॅग आत्ता करते."

मालक बसले नाहीत. "ठीक आहे, फाइल पाठवा. पुढचं पुढे बघू."

"पुढचं आधी बघा. साच्याचं टेबल माझ्याकडेच राहील, हे लिहून द्या. मग फाइल."

मालकांनी कारकुनाला हाक मारून तसा कागद करायला सांगितला. मावशींनी कागद उभ्यानेच दोनदा वाचला. "तूर्तास" हा शब्द खोडायला लावला. मग फाइल पाठवली.